सशांसाठी बंदूक

बंदुकीच्या परवान्याआधी घर आणि माणसं पारखायला पोलिसांची बाई येणार होती. शनिवारी येऊ का सोमवारी, असं तिने फोनवर विचारलं, तेव्हा रवींद्रने क्षणभरही विचार न करता शनिवार सांगून टाकला. शनिवारी दसरा होता. गाडी पाडव्याला घेतली, पावाटाहानुईच्या या पाच एकरांचा सौदा अक्षय्य तृतीयेला पक्का केला, मग बंदुकीनेच काय घोडं मारलं होतं? मुहूर्त साधल्याच्या आनंदात दसऱ्याला घर माणसांनी भरलेलं असणार, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

भरलेलं म्हणजे चांगलंच भरलेलं. त्याची आई, आशालताबाई, नाशिकहून इथल्या हिवाळ्यात, दोन महिन्यांपूर्वीच येऊन राहिल्या होत्या. धाकटा भाऊ देवव्रत ख्राइस्टचर्चहून आदल्या दिवशीच्या विमानाने आला होता आणि येताना रिकार्टनच्या दुकानातून वेलची, केशर आणि उगाचच दोन किलो शेंगदाणे घेऊन आला होता. शेजारच्या शेतावरचा ग्रॅहम जेवायला यायचा होता. रवींद्रच्या अर्जावर ओळखीचा माणूस म्हणून त्याचंच नाव होतं. पोरिरुआच्या फार्मसीतून अनुराधाने सुट्टी काढली होती, आणि सोळा वर्षांची ऋग्वेदा घरात असूनही हेडफोन लावून भलत्याच मुलुखात होती.

आशालताबाईंना या परवान्याची मोठी गंमत वाटत होती. पोलीस खात्यात त्यांची हयात गेली. फौजदार म्हणून लागल्या, इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्या, आणि मधल्या काळात शस्त्रपरवान्याचे कितीतरी अर्ज त्यांच्या टेबलावरून गेले. त्या प्रत्येक अर्जात एकच कारण असायचं, स्वसंरक्षण. या देशात उलटं होतं. इथे तो शब्द तोंडातून निघाला की अर्ज निकालात. बंदूक ससे मारायला हवी, बदकं मारायला हवी, झाडं कुरतडणारे पॉसम मारायला हवी. माणसासाठी हवी असं म्हटलं की संपलं.

"आमच्याकडे कुणी सशांसाठी बंदूक मागितली असती, तर त्याला चहा पाजून परत पाठवला असता," त्या सकाळीच म्हणाल्या होत्या.

"ससे खरेच आहेत, आई," रवींद्र म्हणाला. "तुझी मेथी कुणी खाल्ली?"

ते खरं होतं. मेथी सशांनीच खाल्ली होती. कोथिंबीरही खाल्ली होती, आणि अनुराधाने जिवापाड जपलेल्या वाटाण्याच्या वेलांचे बुंधे तेवढे ठेवले होते. सशांबद्दल घरात कुणाचं दुमत नव्हतं. पण जुलैत एका रात्री, सगळे झोपलेले असताना, कुणीतरी स्वयंपाकघराच्या दारातून आत येऊन दोन लॅपटॉप आणि गाडीची किल्ली घेऊन गेलं, त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. गाडी दोन दिवसांनी सापडली. चोर बेडरूमच्या दारावरून चालत गेला होता, त्याचे चिखलाचे पाय गालिच्यावर उमटले होते. रवींद्रने तो गालिचा धुतला नाही, फेकूनच दिला. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याने परवान्याचा अर्ज केला.

ग्रॅहम आला तो दोन बंदुका घेऊन. एक त्याची, वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतलेली. दुसरी त्याच्या मुलाची, दोन वर्षांपूर्वी घेतलेली. मुलगा कामासाठी ऑस्ट्रेलियात गेला होता आणि जाताना बंदूक बापाच्या नावावर करून गेला होता. दोन्ही बारा बोअर, दोन्ही पंपाच्या. म्हणजे नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. यातली कुठलीही एक रवींद्रला विकायला ग्रॅहम तयार होता, परवाना हातात आल्यावर. तोवर हात लावायचा तो ग्रॅहमच्या डोळ्यांसमोर. तसा नियमच होता, आणि ग्रॅहम नियमाचा पक्का.

आशालताबाईंनी त्या बंदुका बघितल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांच्या ठाण्यात दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची. शस्त्रागारातल्या बंदुका सतरंजीवर मांडायच्या, हार घालायचा, साहेबांच्या हस्ते नारळ फुटायचा, आणि शेवटची काही वर्षं साहेब त्या स्वतःच होत्या. निवृत्तीनंतर दसऱ्याला त्या घरातला विळा, कातरी आणि शिवणाचं मशीन पुजायच्या, पण त्यात जीव नव्हता. त्यांनी ग्रॅहमला स्वतःच्या पोलिसी इंग्रजीत रीतसर परवानगी मागितली. ग्रॅहमने दोन्ही बंदुका उघडून आत बोट फिरवून रिकाम्या असल्याची खात्री केली, आशालताबाईंनाही दाखवल्या, आणि पाण्याचा थेंब आत जाणार नसेल तर स्वीट ॲज, म्हणजे आपली काही हरकत नाही, असं म्हणाला.

झेंडू इथे सप्टेंबरात, वसंताच्या सुरुवातीला, कुठून मिळणार? अनुराधाने कुंपणापाशी फुललेल्या कोफाईच्या झाडाची पिवळी फुलं आणली. पाटावर दोन बंदुका, शेजारी अनुराधाची पिठाची चाळणी, रवींद्रचा नवा लॅपटॉप आणि देवव्रतचा फोन. देवव्रतने आपला फोन स्वतःच नेऊन ठेवला, आणि आजच्या दिवसापुरते तरी ऑफिसचे मेसेज येऊ नयेत अशी प्रार्थना केली. ग्रॅहम टोपी काढून उभा राहिला. ऋग्वेदाने हेडफोन काढले, पूजा संपेपर्यंत बघितलं, आणि "धिस इज सो रँडम, आजी," असं म्हणून आजीला मिठी मारून परत निघून गेली.

जेवणं झाली, श्रीखंडाचं ग्रॅहमने तोंड भरून कौतुक केलं, आणि मग सगळे डेकवर जमले. डेकसमोर हिरवा उतार, उताराखाली खाडी, आणि उतारावर दिवसाढवळ्या दोन ससे चरत होते, आपल्यासाठी एवढा खटाटोप चालला आहे याची त्यांना दादही नव्हती.

देवव्रत बंदुकीच्या वाटेला आयुष्यात गेला नव्हता, पण गेला आठवडाभर त्याने व्हिडिओ बघितले होते आणि आता त्याला सगळं कळत होतं. त्याचं मत नवीच्या बाजूने. फायबरचा काळा दस्ता, पावसात फुगत नाही. हलकी. नळीच्या तोंडाची नळकांडी बदलता येते, त्यामुळे छरे कमीजास्त पसरवता येतात. लांब काडतूसही चालतं. जुनीत यातलं काही नाही, एकच तोंड, आखूड काडतूस, आणि वजन म्हणजे उखळासारखं.

"वजन हाच गुण आहे," आशालताबाई म्हणाल्या. त्यांनी जुनी खांद्याला लावली. पासष्टी ओलांडलेली बाई, अंगावर पैठणी, पायात मोजे, पण दस्ता खांद्याच्या खळगीत बसला तो पहिल्याच खेपेला. जड बंदूक धक्का पिऊन घेते, त्यांनी सांगितलं, हलकी तो तुमच्या खांद्याला देते. मग त्यांनी मूठ मागे ओढली. अक्रोडाच्या लाकडाची ती मूठ तेल लावलेल्या ड्रॉवरसारखी सरकली, काही आवाजच नाही म्हणा. ग्रॅहम म्हणाला, चाळीस वर्षं वडिलांनी आणि मी ती घासली, तेव्हा कुठे ती अशी सरकते. नवीही घासून घासून होईल, पण तोवर रवींद्रचे नातू बदकं मारत असतील.

आशालताबाईंनी ग्रॅहमला खूप प्रश्न विचारले. बदकांवर इथे शिशाचे छरे चालत नाहीत, लोखंडाचे लागतात, ते जुन्या नळीला मानवतात का? मानवत नाहीत, म्हणून त्याने जुनी आता सशांपुरतीच ठेवली होती. नवीच्या काळ्या रंगाला गंज चढतो का? खाडीच्या वाऱ्याने चढतो, पुसत राहावं लागतं. नवीत मुठीला दोन दांड्या आहेत, जुनीत एकच, हे आशालताबाईंनी स्वतःच ओळखलं आणि एका दांडीची वाकडी ओढली की अडते हे ग्रॅहमला सांगितलं. ग्रॅहमने मान डोलावली. दोघांचं असं जमलं होतं की देवव्रतचे व्हिडिओ बाजूलाच पडले. खात्यातल्या पंपाच्या बंदुका कशा होत्या, असं ग्रॅहमने विचारलं तेव्हा त्या खुलल्या. आखूड नळीच्या, दंगलीच्या बंदोबस्तासाठी, आत आधी रबरी छऱ्यांची काडतुसं.

मग रवींद्रने नवी उचलली आणि मूठ मागेपुढे केली. कोऱ्या लोखंडाचा मोठा, कर्कश आवाज झाला आणि उतारावरचे ससे बिळात गेले.

"हा आवाज," रवींद्र म्हणाला. तो पुन्हा मूठ ओढून हसला. "मला हीच घ्यायचीय. रात्री नुसता हा आवाज ऐकला, तरी माणूस पळून जाईल."

त्याने ते मराठीत म्हटलं नव्हतं. नव्या बंदुकीचं मराठीत कौतुक करण्यात काय अर्थ, समोर विकणारा ग्रॅहम होता. ग्रॅहमने चहाचा कप खाली ठेवला. देवव्रत भावाकडे बघतच राहिला. कारण स्वसंरक्षण हा शब्द न उच्चारताही ती गोष्ट उच्चारली गेली होती, आणि अर्जावर ज्याचं नाव होतं त्याच्यासमोर.

रवींद्रला ते कळलं. त्याचे कान लाल झाले. लहानपणी त्याचे असेच व्हायचे, आशालताबाईंना आठवलं, काही फोडलं की. त्याने सावरून घ्यायचा प्रयत्न केला, ससे पळाले ना बघा, असं काहीतरी म्हणाला. विषय बदलावा म्हणून देवव्रत पाण्याचा जग आणायला आत गेला. रवींद्र उताराकडे तोंड करून बंदूक खांद्याला लावून उभा राहिला, उगाच, निशाणा धरल्यासारखा. काही वेळाने मागचं सरकदार दार खड्‌कन उघडलं.

रवींद्र गर्रकन वळला. बंदुकीसकट वळला. जग घेऊन दारात उभ्या असलेल्या देवव्रतच्या छातीपासून दीड हातावर नळी होती.

रिकामी होती. सगळ्यांना माहीत होतं. ग्रॅहम उठला, त्याने शांतपणे नळी तळव्याने जमिनीकडे वळवली आणि बंदूक काढून घेतली. देवव्रत हसला, त्याने हात वर केल्याची नक्कल केली आणि जगमधलं पाणी सांडलं. रवींद्रही हसला. आशालताबाई हसल्या नाहीत. नळीकडे त्यांचं लक्षच नव्हतं, त्या मुलाचा चेहरा बघत होत्या. तसे चेहरे त्यांनी नोकरीत पाहिले होते, लागोपाठ अनेक रात्री बंदोबस्त करून आलेल्या पोरांचे, आणि अशा पोराच्या हातातली बंदूक त्या आधी जमा करून घेत आणि मग त्याला झोपायला पाठवत.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. अनुराधा काचेआडून सगळं बघत उभी होती. ओट्यावर जेवणाची खरकटी पातेली तशीच पडली होती.

"हे पहिल्यांदा नाही," आशालताबाई म्हणाल्या.

अनुराधाने नळ बंद केला. सतरा वर्षांच्या संसारात सासूबाईंशी तिचे मतभेद झाले होते, पण ते मीठमसाल्याचे आणि ऋग्वेदाच्या मराठीचे. मुलाबद्दल त्यांच्याकडे गाऱ्हाणं न्यायचं नाही, हे तिने पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. आई मुलाचीच बाजू घेणार, आणि घ्यावीही. आता मात्र तिला राहवलं नाही. तिने सांगितलं. चोरी झाल्यापासून रवींद्र उशाशी क्रिकेटची बॅट घेऊन झोपतो. झोपतो कसला, पडून राहतो. घरातली लाकडं वाजली तरी उठतो. ऑगस्टमध्ये एका रात्री ऋग्वेदा पाणी प्यायला उठली होती. अनुराधाने दिवा लावला तेव्हा तो खोल्यांमधल्या बोळात होता, बॅट डोक्यावर उगारलेली, आणि पोरगी समोर भिंतीला चिकटून उभी.

"दिवा लावायला उशीर झाला असता तर?" अनुराधा म्हणाली आणि तिथेच थांबली. हा प्रश्न ती दीड महिना स्वतःला विचारत होती.

आशालताबाई खुर्चीवर बसल्या. त्यांना मुलाचा राग आला नाही, त्याची फार कीव आली, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. दोन महिने याच घरात राहून आपण गोळ्या घेऊन गाढ झोपलो, आणि बोळात काय चाललंय याचा पत्ता नाही.

"ग्रॅहम मघाशी मला विचारत होता, ड्युटीला यातली कुठली घ्याल आणि घराला कुठली," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा नळीची लांबी सांगत बसले. खरं म्हणजे बंदुकीत फरकच नसतो गं. ड्युटीवर माझ्या बाजूला हवालदार उभा असायचा, मागे साहेब असायचे. हुकूम झाल्याशिवाय बोट हलायचं नाही, आणि घरी जाताना बंदूक जमा करून जायची. घरात रात्री याच्या शेजारी कोण उभं राहणार?"

"ती बाई मला एकटीला विचारणार आहे," अनुराधा म्हणाली. "नवऱ्याच्या हातात बंदूक दिली तर तुम्हाला चालेल का, असं. बायकोला विचारतातच म्हणे."

"मग?"

"मी होच म्हणणार होते, आई. त्याने ती लोखंडी तिजोरी स्वतः भिंतीत बसवली. कोर्स केला, परीक्षा दिली. मी नाही म्हटलं तर तो मला काय म्हणेल?"

आशालताबाईंनी सुनेचा हात हातात घेतला. असं त्या सहसा करत नसत. "तिने विचारलं तर खरं ते सांग," त्या म्हणाल्या. "तो तुझ्यावर चिडला, तर मी सांगायला लावलं म्हण. मला चालेल."

पोलिसांची बाई, शेरिल, ठरल्या वेळी आली. पन्नाशीची, गुबगुबीत, पायात साधे कॅनव्हासचे बूट, हातात फाईल. दारात फुलांचं तोरण बघून तिने आज काय विशेष आहे ते विचारलं, आणि देवव्रतने तिच्या हातात श्रीखंडाची वाटी दिली. तिने आधी रवींद्रशी बोलून घेतलं, मग तिजोरी बघितली, तिचे बोल्ट हलवून पाहिले आणि काम चोख झाल्याचं सांगितलं. बाहेर डेकवर ग्रॅहमशीही ती थोडा वेळ बोलली. ग्रॅहमचा आवाज आत येत नव्हता, पण बोलताना तो खाडीकडे बघत होता, तिच्याकडे नाही. मग तिने अनुराधाला पुढच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

रवींद्र तिजोरीपाशीच उभा राहिला. आत देवव्रत आणि आई काहीतरी आवरत होते, आणि आई त्याच्याकडे बघत नव्हती. ग्रॅहम बंदुका गाडीत कुलपात ठेवून, कुणाचा फारसा निरोप न घेता निघून गेला होता. आपल्या तोंडून एकच वाक्य गेलं, तेही गमतीत, आणि घराचं वारं फिरलं, असं रवींद्रला वाटत होतं. पण अनुराधा होती. अनुराधा आजवर चारचौघांत त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलली नव्हती. इथली पहिली नोकरी गेली तेव्हाही नाही. तेवढ्या एका गोष्टीवर तो उभा होता.

दार उघडलं. शेरिलने त्याच्याशी हात मिळवला, कळवते म्हणाली, आणि जाताना त्याच्या दंडावर हलकेच थोपटलं. त्या थोपटण्यानेच त्याला समजलं.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत दोघं दारात उभे राहिले. मग अनुराधा म्हणाली, "मी बॅटचं सांगितलं, रवी."

तो डांबरी रस्त्याकडे बघत होता.

"ऋग्वेदाचंही?" त्याने विचारलं.

"हो."

तो चिडेल, असं तिला वाटलं होतं. त्याने आवाज चढवला असता तर तिला ते सोपं गेलं असतं. तो पायरीवर बसला. बायकोने आपला घात केला, हा विचार त्याच्या मनात आला आणि टिकला नाही, कारण त्याच्या जागी लगेच ती रात्र आली. सबंध दीड महिना तो ती रात्र दूर ढकलत होता.

"ती अर्धवट झोपेत होती," तो म्हणाला. "सकाळी विसरून गेली. मला काही बोलली नाही ती त्यावर. तिला आठवू नये, एवढंच मला हवं होतं."

अनुराधा त्याच्या शेजारी बसली. हे सांगावं का, असा तिने एकदा विचार केला. मग सांगितलं.

"रवी, ती रात्री उठली की आधी आत, दार लावलेलंच ठेवून, मोठ्यांदा गाणं म्हणते. दोन ओळी म्हणते आणि मग दार उघडते. तुला वाटतं तिला गाण्याचं वेड लागलंय. तुला कळावं म्हणून म्हणते ती. बाहेर येतंय ते कोण, ते."

घरातून भांड्यांचा आवाज येत होता, देवव्रत आईला कसलीशी हकिकत सांगत होता. रवींद्र दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला. मग उठला, बूट काढून आत गेला, कुणाकडेही न बघता बोळातून शेवटपर्यंत चालत गेला. ऋग्वेदाचं दार लोटलेलं होतं, नुसतं ढकलून आत जाता आलं असतं. तो दारापासून दोन पावलं अलीकडेच थांबला.

"ऋग्वेदा," तो म्हणाला, "बाबा आहे गं. मी आहे." आणि ती दार उघडेपर्यंत तिथेच उभा राहिला.